जाहिरात आहे म्हणून ते पुस्तक नाही म्हणे

पोस्टातून आल्यापासून डोकं फिरलंय. बायको म्हणाली, आधी चहा घ्या, मग काय लिहायचं ते लिहा. चहा घेतला. डोकं तसंच आहे. लांबण लागणार आहे, ज्याला कंटाळा त्यानं पुढं सरकावं.

तुम्हाला माहीतच आहे, वडील, आमचे अण्णा, गेल्यापासून त्यांचे जुने दिवाळी अंक मी ऑनलाइन विकतोय. हौस म्हणून नाही, माळवद गळायलंय. दोन लोखंडी पेट्या आहेत, थरांमधे कडुनिंबाचा पाला, आता त्याचा नुसता भुगा झालाय. झेडपीच्या मास्तराच्या पगारात दर दिवाळीला एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून हे अंक घरी यायचे, आईच्या साडीआधी. (त्यावरून व्हायची ती भांडणं वेगळी.) अंक दीडशे-दोनशेला जातो. रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या घरी जावा, एवढंच.

तर देवगडकडच्या एका खेड्यातून एका गृहस्थांनी 1974चा एक अंक मागवला. कथेसाठी नाही, कवितेसाठी नाही. त्यातल्या जाहिरातीसाठी! त्यांच्या आजोबांचं सोलापुरात ट्रंकांचं दुकान होतं. पाव पानाची जाहिरात, वर आजोबांचा काळ्या टोपीतला फोटो, शाई जरा फुटलेली, खाली ‘लग्नसराईसाठी भक्कम ट्रंका’. घरात आजोबांचा दुसरा फोटो नाही. मी मोबाइलवर पान काढून पाठवलं, तर म्हणाले, “दादा, आईला कागद हातात पाहिजे.”

आज तोच अंक घेऊन काउंटरला गेलो. म्हणलं, ज्ञान पोस्टानं पाठवायचाय, म्हणजे पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपालानं. पोरगं चांगलं होतं, नवीन लागलेलं. त्यानं मुखपृष्ठ उलटलं. केसांचं तेल. पुढचं पान, बँकेच्या दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. त्यानं अंक मिटून माझ्याकडं सरकवला. “काका, हे बसंना. जाहिराती हायत. आन् हे पुस्तक न्हाई, मासिकासारखं हाय.”

आता नियम ऐका. पूर्वी रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं. पाच किलोचा गठ्ठा 80 रुपयांत जायचा. डिसेंबर 2024 मधे ते एका रात्रीत बंद केलं. काउंटरवरच्या माणसाला सकाळी कॉम्प्युटर उघडल्यावर कळलं. तोच गठ्ठा पार्सलनं न्यायचा तर तेव्हा 229. प्रकाशकांनी, वाचकांनी ओरड केली, मग 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. 300 ग्रॅमला 20 रुपये, पाच किलोला 100, वर कर. चांगलंय, मी तेव्हा इथंच कौतुकाची पोस्ट टाकली होती. गाढव मी. खालच्या अटी वाचल्याच नव्हत्या. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतील. किरकोळ सूचना किंवा पुस्तकांची यादी सोडून जाहिराती असल्या की चालणार नाही.

अरे, मग मराठी दिवाळी अंक चालणार तरी कसा? 1909ला का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षं ही परंपरा तगली ती कुणाच्या जिवावर? तेलवाले, बँकावाले, सोलापूरचे ट्रंकावाले! त्यांच्या पाव पानाच्या पैशातून पुढची कथा छापली जायची. ते सांस्कृतिक नाही?

वर्तमानपत्राच्या टपाल सवलतीत घाला म्हणावं, तर ती प्रकाशकाची. त्यानं नोंदणी केलेली पाहिजे, अंक 31 दिवसांच्या आत निघत राहिला पाहिजे. आमचा अंक वर्षातून एकदा निघायचा, आणि काढणारे गेले त्यालाही जमाना झाला. म्हणजे पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. मग सामान. ट्रंकेच्या जाहिरातीचा अंक ट्रंकेच्याच रांगेत. भाडं ज्ञान पोस्टापेक्षा कितीतरी जास्त.

बरं, कळतं मलाही. उद्या साड्यांचा कॅटलॉग घेऊन कुणी येईल आणि म्हणेल हे पण पुस्तकच. अट त्याच्यासाठी असणार. ठीक. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या तेलाची जाहिरात बघून आज कोण बाटली घ्यायला जाणार आहे? अमुक वर्षांपेक्षा जुना अंक म्हणजे पुस्तक, एवढी एक ओळ नियमात घालायला काय हिमालय चढायचाय?

कुरिअरनं पाठवा असं कमेंटमधे लिहू नका. देवगडवाल्यांच्या गावाचा पिनकोड टाकला की “सेवा उपलब्ध नाही” येतं. तिथं पोस्टमनच जातो. राग येतो तो यामुळंच. ज्यांनी आपली मनिऑर्डर आणली, नोकरीचा कॉल आणला, त्यांच्याशीच भांडायचं.

अण्णा अंक पाठवायचे ते आठवतंय. तपकिरी कागद, दोन्ही टोकं उघडी, म्हणजे पोस्टाला आत बघता यावं. मधे सुतळी, कोपऱ्यात लाल शाईनं ‘बुक पोस्ट’. आत जाहिराती आहेत का, असं त्यांना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायला पाहिजे होतं कदाचित. नियम तेव्हाही असतील. पण काउंटरपलीकडच्या पोस्टातल्या काकांना अण्णाच अंक वाचायला द्यायचे, ते काय विचारणार...

दुपारी देवगडवाल्यांना फोन केला, सगळं सांगितलं. भला माणूस. म्हणाले, “दादा, तेवढं पान कापा नि साध्या पाकिटात घाला. पैसे अंकाचे पूर्ण घ्या.” खरंच की. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट लागतं. पान तीन ग्रॅमचं पण नसेल.

पट्टी घेतली, ब्लेड घेतलं. पान उघडलं. ट्रंकावाल्या आजोबांच्या पाठीमागं, त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला, एका कथेचा शेवट आहे. आणि त्याखाली अण्णांच्या पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलंय, “ठीक.”

ब्लेड परत डब्यात ठेवलं. उद्या सकाळी पार्सलच करतो. वरचे पैसे त्यांच्याकडून घेणार नाही, बायकोला सांगू नका.