‘रोज रात्री मॅग्नेशियमची गोळी घ्याच’ हा सल्ला का पाळू नये

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. दहापैकी आठ जणांना मॅग्नेशियमची कमतरता असते, ती रक्ततपासणीत दिसत नाही, पायात गोळे येणं आणि झोप न लागणं हीच तिची खूण, तेव्हा रोज रात्री गोळी घ्या; जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. शेवटचं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आधी ते ‘आठ जण’. जेवणातून शिफारशीपेक्षा कमी मॅग्नेशियम मिळणं वेगळं आणि शरीरात कमतरता असणं वेगळं. प्रौढांसाठी साधारण 300 ते 400 मिलिग्रॅमची शिफारस मुद्दामच सढळ ठेवलेली असते. आवक घटली की आतडी जास्त हिस्सा शोषतात आणि किडनी लघवीतून जाणारं मॅग्नेशियम रोखून धरते.

रक्ततपासणीबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, आणि रक्तद्रवात एक टक्काही नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी कमतरता असू शकते. पण ‘तपासणीत सुटू शकते’ म्हणजे ‘तुम्हाला आहेच’ असं कुठे ठरतं? डॉक्टर इतर गोष्टीही पाहतात. औषध देऊनही पोटॅशियम वर येत नसेल, तर मॅग्नेशियमचा संशय येतो. शिवाय खरी कमतरता बहुधा कारण घेऊन येते: जुनाट जुलाब, दारूचं व्यसन, ताब्यात नसलेला मधुमेह, लघवी वाढवणारी औषधं, वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या. ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 मध्येच इशारा दिला होता. त्यातल्या काही रुग्णांना नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, मूळ गोळीच बंद करावी लागली. संदेश वाचून परस्पर गोळी सुरू करणाऱ्याचं हे कारण शोधायचंच राहून जातं.

पायातल्या गोळ्यांवर तर चाचण्या झाल्या आहेत. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानुसार, वयस्कर लोकांत मॅग्नेशियमने गोळे येणं लक्षात येण्याइतकं कमी होण्याची शक्यता फारशी नाही. गरोदरपणाबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. झोपेवरचे अभ्यास लहान आणि कच्चे आहेत.

आता ‘लघवीवाटे निघून जातं’. हो, किडनी धडधाकट असेल तर. तरीही गोळ्यांचा डोस वाढला की आधी जुलाब लागतात. अमेरिकेत गोळ्यांतून घ्यायची वरची मर्यादा 350 मिलिग्रॅम ठरवलेली आहे ती त्यासाठीच. किडनी मंदावलेली असेल, तर मॅग्नेशियम रक्तात साठत जातं. रक्तदाब उतरतो, स्नायू ढिले पडतात, पुढे श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात. असा संदेश सगळ्यात मनावर घेतात ती वयस्कर माणसं, आणि किडनी मंदावल्याचं अनेकदा त्यांनाच ठाऊक नसतं. काही अँटासिड आणि पोट साफ होण्यासाठीच्या औषधांतही मॅग्नेशियम असतं, ते वेगळंच.

जेवणात मॅग्नेशियम वाढवायला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. डाळी, पालेभाज्या, बदाम, पॉलिश न केलेली धान्यं खा. भोपळ्याच्या मूठभर बियांत 150 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं.

गोळी घ्यायचीच असेल, तर आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स मॅग्नेशियमसोबत घेतली तर नीट शोषली जात नाहीत, त्यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं लागतं.