जागतिक दर्जाच्या शहरासाठी काही सूचना

आपले शहर जागतिक दर्जाचे व्हावे अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर ते तसे झालेलेच आहे असे आपणच उठता-बसता सांगू लागावे. लंडन-पॅरिसचे लोक स्वतःच्या शहराबद्दल हा शब्द फारसा उच्चारत नाहीत, म्हणून आपण बिचकण्याचे कारण नाही. कुळवान माणूस आपले कूळ सांगत फिरत नाही, ते काम इतरांनाच करावे लागते. या विद्येत कॅनडातील टोरांटोला गुरुस्थानी मानावे, असे माझे नम्र मत आहे.

टोरांटोने आधी रूढ मार्ग चोखाळून पाहिले. तेथे 1976 मध्ये 553 मीटर उंचीचा सीएन टॉवर उभा राहिला आणि आधाराविना उभ्या असलेल्या वास्तूंमध्ये तो तीन दशके जगात सर्वांत उंच ठरला. पुढे 2007 मध्ये दुबईने तो मान हिरावून घेतला. 1996 चे ऑलिंपिक मागितले, ते अटलांटाला गेले. 2008 चे मागितले, ते बीजिंगला गेले. मात्र या दुसऱ्या खेपेत एक महत्त्वाचा शोध लागला. आफ्रिकी मते मिळवण्यासाठी केनियातील मोम्बासाला जाण्यापूर्वी तत्कालीन महापौर मेल लास्टमन यांनी, आपण उकळत्या पाण्याच्या हंड्यात आहोत आणि भोवती तिथले लोक नाचत आहेत असे दृश्य आपल्याला दिसते, असे एका पत्रकाराला सांगून टाकले. मनोरा बांधायला वर्षे लागतात. महापौरांनी तोंड उघडले की जगाचे लक्ष वेधण्याचे तेच काम एका वाक्यात होते.

तेव्हा महापौर निवडताना काटकसरी माणूस पाहावा. 2010 मध्ये टोरांटोने पालिकेतील चैन बंद करण्याचे वचन देणाऱ्या रॉब फोर्ड यांना निवडले आणि पदावरच्या पहिल्याच दिवशी त्यांनी हलक्या रेल्वेची आधीच्या कारभाऱ्यांनी आखलेली योजना संपल्याचे जाहीर केले. कामावर वेळेत पोहोचण्याची हौस छोट्या गावांना शोभते. पुढच्याच वर्षी त्यांचे नगरसेवक बंधू डग फोर्ड यांनी सरोवरकाठी प्रचंड आकाशपाळणा, अवाढव्य मॉल आणि मोनोरेल यांचे चित्र रंगवले, परंतु उंचीवरून शहर पाहण्याची ही सोय अरसिक नगरसेवकांना पटली नाही.

खरे यश मे 2013 मध्ये आले. महापौर क्रॅक कोकेन हा अमली पदार्थ ओढत असल्याचे दाखवणारी एक चित्रफीत अस्तित्वात असल्याचे वृत्त झळकले आणि ती विकत घेण्यासाठी एका अमेरिकी संकेतस्थळाने लोकवर्गणीतून 2 लाख डॉलर जमवले. शहराच्या प्रसिद्धीसाठी परक्यांनी स्वखुशीने वर्गणी द्यावी, हे भाग्य कोणत्या पर्यटन खात्याच्या वाट्याला येते? व्यवहार काही झाला नाही. चित्रफीत पोलिसांच्या हाती लागली. आपण क्रॅक कोकेन घेत नाही, असे महापौरांनी मे महिन्यात सांगितले होते. 5 नोव्हेंबरला त्यांनी ते ओढल्याचे मान्य केले, बहुधा दारूच्या धुंदीत आणि साधारण वर्षभरापूर्वी, अशी पुस्ती जोडून. आधीचे बोलणेही खोटे नव्हते, पत्रकारांनीच योग्य प्रश्न विचारला नव्हता, असा त्यांचा खुलासा होता. व्याकरणातील काळ केवळ परीक्षेपुरते असतात असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना हा धडा अवश्य शिकवावा.

मतदारांचा धीरही महत्त्वाचा असतो. चित्रफीत सापडल्याचे पोलिसांनी जाहीर केल्यावर झालेल्या एका जनमत चाचणीत महापौरांच्या कामाला पसंती देणारे 39 टक्क्यांवरून 44 टक्क्यांवर गेले. पालिकेच्या इमारतीत त्यांच्या डोके हलवणाऱ्या बाहुल्या विक्रीला आल्या, तेव्हा त्या घ्यायला नागरिकांनी रांगा लावल्या. जगभरातले कॅमेरे तर पालिकेत आधीच येऊन बसले होते, आणि तेही यजमानपदाचा एकही अर्ज न भरता.

कायदाही अनुकूल असावा. टोरांटोच्या सभागृहाला महापौरांना पदावरून काढता येत नव्हते, त्यामुळे नगरसेवकांनी 18 नोव्हेंबरला त्यांचे बरेचसे अधिकार आणि कर्मचारी उपमहापौरांकडे सोपवले. त्याच सभेत सभागृहातून धावत निघालेल्या महापौरांची धडक बसून एक नगरसेविका खाली पडल्या, आणि तेही दृश्य जगाने पाहिले. पुढच्या निवडणुकीसाठी 2 जानेवारी 2014 रोजी नावे नोंदवणे सुरू झाले, तेव्हा रांगेत पहिले उभे होते ते फोर्डच. थांब्यावर ताटकळणाऱ्या नागरिकांच्या रांगेपेक्षा ही रांग बरीच वेगाने पुढे सरकली.