मामांची सही कुठे गेली?

आज नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका नव्या हॉटेलात शिरले आणि समोरच्या भिंतीवर माझ्या मामांनी काढलेलं रामकुंडाचं चित्र! भिंतभर प्रिंट. उजव्या कोपऱ्यात मामांची सही असते, नेमकी तेवढीच पट्टी कापलेली. मॅनेजर म्हणे, "नेटवर होतं मॅडम, डिझायनरने घेतलं." डोकंच सणकलं.

नेटवर होतं म्हणजे काय? गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, कुणाची स्कूटर उभी दिसली तर घेऊन जाता का?

मामा ड्रॉइंगचे मास्तर. डिसेंबरात पहाटे घाटावर बसायचे, दमट हवेत वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा थर, लवकर वाळायचा नाही, तरी बसून राहायचे. त्यातलंच हे चित्र. पूर्वी एका कॅलेंडरवाल्यानेही ते न विचारता छापलं होतं. मामा विचारायला गेले, तर हातात चार कॅलेंडरं ठेवून म्हणाला, "तुमचीच जाहिरात झाली की मास्तर!" मामा काही न बोलता घरी आले. तेव्हाही सही नव्हतीच.

कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे. नोंदणीसुद्धा लागत नाही, चित्र काढलं की हक्क चित्रकाराचा. हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं. साठ जरा जास्त होतात, बरं, मान्य. पण मामा हयात आहेत हो!

"मूळ चित्र विकलं होतं ना?" असं आमच्याच एका नातेवाइकाने विचारलं. विकला तो कागद. छापायचा हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. आणि तो दिला तरी याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे नावाचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगलांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, १९७९ मध्ये सरकारने उतरवलं. याच कलमाच्या आधारे ते सरकारशी भांडले, २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्युरल परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. पण एवढी वर्षं कोर्टात काढायला आमच्या मामांकडे कुठलं बळ?

शिकण्यासाठी कुणी नक्कल केली तर माझं काही म्हणणं नाही. मामाच वर्गात सांगायचे, आधी बघून काढा, हात बसू दे. पण खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहायला लावायचे. पाचवीतल्या पोरांना हे जमायचं. लाखोंचं इंटिरियर करणाऱ्यांना जमत नाही?

मित्रांनो, तुमच्यात चित्रं, फोटो विकणारे बरेच आहेत. पावतीवर स्पष्ट लिहा: मूळ प्रत विकली, छापायचा हक्क माझ्याकडे. आणि रोज सकाळी ग्रुपवर चित्रं टाकणाऱ्यांनो, ज्याचं आहे त्याचं नाव शोधा. सापडत नसेल तर टाकू नका.