रंगवलेल्या तांदळाशेजारी कोण बसतं?

मागच्या महिन्यात नागपुरात, मानेवाड्याला माझ्या बहिणीच्या घरी एक किलो तांदळावरून वाद झाला. भाचा दोन वर्षांचा आहे. त्याच्या प्ले ग्रुपने पालकांना निरोप पाठवला की सेन्सरी प्लेसाठी, म्हणजे हाताने चाचपून, डोळ्यांनी बघून शिकायच्या खेळासाठी, प्रत्येकाने घरून किलोभर रंगीत तांदूळ करून आणावेत. ताईने परात काढली आणि आईने ती पुन्हा फळीवर ठेवली. "पोट्ट्यांना खेळायला तांदूळच भेटले काय? अन्नाचा खेळ करून राहिले तुम्ही!" ताईचं म्हणणं, आता सगळीकडे हेच चालतं, मुलांच्या बोटांना आणि डोळ्यांना वळण लागतं, परदेशात तर रोज करतात. मग दोघींचे मला वेगवेगळे फोन आले. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, मला अडीच वर्षांची मुलगी आहे, म्हणून 'तिकडे काय करतात' ते मी सांगून टाकावं.

तिकडे काय करतात ते सांगितल्यावर ताई जरा गप्प झाली. माझ्या मुलीच्या नर्सरीत तांदूळ, पास्ता, डाळी खेळायला देतच नाहीत. इथे नर्सऱ्यांमध्ये एक मोठा काळा अष्टकोनी ट्रे असतो. मुळात तो गवंड्यांचा, सिमेंट कालवण्याचा. त्यात वाळू, सुकलेली पानं, लाकडाचा भुसा, पाणी असं काहीबाही घालतात. मी सुरुवातीला विचारलं होतं की तांदूळ का नाही. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की इथे येणाऱ्या काही मुलांच्या घरी आठवड्याचं धान्य फूड बँकेतून, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या केंद्रातून येतं. त्या आईबापांसमोर आम्ही किलोकिलो तांदूळ जमिनीवर सांडायचा का? सगळ्याच नर्सऱ्या असं मानत नाहीत. बऱ्याच ठिकाणी रंगीत तांदूळ सर्रास वापरतात आणि त्यावरून इथल्या शिक्षकांमध्येही दोन तट आहेत. पण त्या बाईंचं बोलणं ऐकताना मला आईचाच आवाज ऐकू आला.

आईचा राग कुठून येतो ते मला ठाऊक आहे. तिचं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं. आषाढात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोटरीभर चिखलात वाकून पऱ्हे (धानाची रोपं) लावणाऱ्या बाया तिने पाहिल्या आहेत, स्वतःही लावले आहेत. तिच्या डब्यात एचएमटी तांदूळ असतो. तो शोधणारे दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली पटेल-३ वाणाच्या धानात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या आणि त्यातून विदर्भभर पसरलेला तांदूळ निघाला. २०१८ मध्ये ते गेले. पूर्व विदर्भात तांदळाचा दाणा म्हणजे कोणाचं तरी कंबरडं आहे, हे आईला शिकवावं लागत नाही.

तरीही मी ताईला 'करू नको' म्हटलं नाही.

कारण रंगवलेला तांदूळ आपल्याला नवा नाही. लग्नात आपण काय उधळतो? अक्षता. तांदूळ, त्याला हळद-कुंकू, किंचित ओलावा, आणि दोन्ही हातांनी चोळणं. मंगलाष्टकं संपली की त्याच अक्षता मांडवात पायाखाली येतात. तेव्हा कोणी परात फळीवर ठेवत नाही. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्या देवाच्या नावाच्या असतात रे." ते खरं. आणि तिला त्या पायदळी आलेल्याही आवडत नाहीत, हेही तिने लगेच सांगितलं. म्हणजे तिची तक्रार रंगाविषयी नाही आणि खेळाविषयीही नाही, नासाडीविषयी आहे. नासाडी टाळता येते.

म्हणून मी घरी कसं करतो ते लिहून पाठवलं. बुधवारी मी कामावर नसतो, मुलगी माझ्याजवळ असते. किलोभर तांदळाची गरजच नाही. चार रंगांचे चार वाटी तांदूळ पुष्कळ होतात. तेही कणी किंवा किडे लागलेले, निवडून स्वच्छ केलेले. झिपच्या पिशवीत एक वाटी तांदूळ, एक चमचा पांढरा व्हिनेगर, खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब. पिशवी बंद करायची आणि मुलीच्या हातात द्यायची. ती दोन्ही हातांनी हलवते आणि बघत राहते: आधी एका कोपऱ्यात निळा डाग, मग पट्टे, मग सगळा ढीग निळा. निम्मा खेळ इथेच होऊन जातो. व्हिनेगरमुळे रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि लवकर वाळतो. त्याजागी पाणी जास्त घातलं तर दाणे ओले होऊन चिकटतात. मग कागदावर पसरायचं. लीड्सच्या हिवाळ्यात मी ट्रे रेडिएटरजवळ रात्रभर ठेवतो, तरी सकाळी हाताला थोडा दमट लागतो. नागपूरच्या एप्रिलात गच्चीवर कुरडयांशेजारी पसरला तर तासाभरात खडखडीत. पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. आमच्याकडचा हिरवा आठ महिने झाले, अजून चालतो. पावसाळ्यात कुबट वास आला तर मात्र टाकायचा.

रंगाबद्दल मी ताईशी जास्त वेळ बोललो, कारण वाद तांदळावर चालला होता आणि काळजी रंगाची करायला हवी. या वयाचं मूल जे हातात घेतं ते तोंडात घालतं. किराणा दुकानात पुडीत सुटा रंग मिळतो, त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी मोजकेच कृत्रिम रंग मान्य आहेत, आणि मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला पिवळा रंग मिठाईत, हळदीत सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक छापलेली बंद बाटलीच घ्यावी. कुंकू नको, हल्लीचं बहुतेक कुंकू कशाचं असतं कोण जाणे. इथे ब्रिटनमध्ये टार्ट्राझिन या पिवळ्या रंगासह सहा ठरावीक रंगांपैकी कोणताही असलेल्या खाऊवर २०१० पासून सूचना छापावी लागते, की यामुळे मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो. खेळातला एखादा दाणा चोखणं आणि रंगीत खाऊ पोटभर खाणं यात फरक आहे, मान्य. पण हळद आणि बीट घरात असताना मी आधी तेच वापरतो. बिटाचा रंग उन्हात विटतो, हळद बोटांना लागते. लागू दे.

आता मला जे खरं म्हणायचं आहे ते. इंग्लंडमध्ये नर्सरीत दोन वर्षांच्या पाच मुलांमागे किमान एक मोठं माणूस लागतं, दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक. हा नियम आहे. पूर्वी दोन वर्षांच्या चार मुलांमागे एक होतं, २०२३ मध्ये ते पाच केलं तेव्हा इथल्या पालकांनी आणि शिक्षकांनी जोरात विरोध केला. तांदळाचा कच्चा दाणा नाकात गेला, कानात गेला, तर ओलाव्याने फुगतो. मूठभर तोंडात कोंबला तर ठसका लागतो. रंगीत तांदूळ सुरक्षित होतो तो शेजारी बसलेल्या माणसामुळे. नागपुरातल्या त्या निरोपात तांदूळ किती ते होतं, रंग कोणते ते होतं, डबा कसा असावा तेही होतं. शेजारी कोण बसणार, किती जण बसणार, हे नव्हतं.

आणि इथे मी आईची बाजू घेतो. मी लहान असताना आई नागपूरच्या महाल भागातल्या घरी दुपारी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. मी समोर. ती खडे एका बाजूला सारायची, मी त्यातला एखादा उचलून तिच्या हातावर ठेवायचो. सूप पाखडताना होणारा तो सपसप आवाज, तांदळात मनगटापर्यंत हात घातला की लागणारा गारवा, बोटांवर उरणारी पांढरी भुकटी. सेन्सरी प्ले हा शब्द तेव्हा घरात कोणाला माहीत नव्हता. आता तांदूळ निवडलेला, पिशवीबंद येतो, सूप माळ्यावर गेलं, आणि आईला घरी 'जुनी' ठरवून आपण तेच काम प्ले ग्रुपला फी देऊन करून घेतो. परदेशात माझ्याजवळ सूप नाही, आई तर नाहीच. म्हणून मला पिशवी, व्हिनेगर, ट्रे करावं लागतं. ताईकडे आई शेजारच्या खोलीत आहे.

महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं आणायला पैसे नव्हते आणि ती मुलांच्या ओळखीचीही नव्हती. त्यांनी आजूबाजूचे खडे, बिया, पानं, शंख घेतले. चिंचोके, सागरगोटे, सीताफळाच्या बिया नागपुरात कुठेही मिळतात. फक्त गिळता येतील एवढ्या बिया तीन वर्षांखालच्या मुलांना एकटं बसवून देऊ नयेत.

शेवटी घरी असं ठरलं: एक किलोऐवजी दोन वाट्या, तीही किडलेली कणी, रंग हळदीचा आणि बिटाचा. चोळून आईने दिली. गच्चीवर पसरताना भाचा तिच्या मांडीवर होता. ताईने पाठवलेल्या फोटोत आईचं बोट त्याच्या मुठीत आहे आणि त्या मुठीतून गुलाबी दाणे गळताहेत.

प्ले ग्रुपला डबा गेला. सोबत ताईने चिठ्ठी घातली: खेळाच्या वेळी मुलं किती असतात आणि जवळ मोठी माणसं किती, ते कळवावं. अजून उत्तर आलेलं नाही. मी तिला सोमवारी स्वतः जाऊन विचारायला सांगितलं आहे.