‘मुलाला मरायला पाठवणारा बाप’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

देवाची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती या विषयावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘तटस्थ वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खाली चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहायला बसलो आणि ते चार ओळींत मावेना. म्हणून स्वतंत्रपणे देतो आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख प्रवचनी आहे. ख्रिस्ती माणसांच्या प्रेमामागे धर्मांतराचा हिशेब असतो. क्रूसयुद्धं करणाऱ्यांनी जगाला प्रेम शिकवू नये. लेखातली उदाहरणं सगळी संतांची आहेत, साध्या माणसाचं एकही नाही. आणि शेवटी, देवाने आपला पुत्र येशू याला माणसांच्या पापांसाठी वधस्तंभावर मरायला पाठवलं या विश्वासावर हे वाक्य, जसंच्या तसं : ‘दुसऱ्यांच्या गुन्ह्यासाठी स्वतःच्या निरपराध मुलाला मरायला पाठवणाऱ्या बापाला प्रेमळ म्हणायला डोळ्यांवर झापडं आणि डोक्यात भुसा लागतो, तुमच्याकडे दोन्ही मुबलक दिसतं.’

तटस्थ म्हणवून घेणाऱ्या माणसाचं हे वाक्य आहे, हे आधी नोंदवून ठेवतो.

उदाहरणांबद्दलचा तुमचा मुद्दा रास्त आहे. सगळी उदाहरणं मोठ्या माणसांची झाली की वाचणाऱ्याला वाटतं, हे काही आपल्याच्याने व्हायचं नाही. तेवढं मान्य. पुढे मी साध्या माणसाचं एक उदाहरण देणारच आहे.

पण शेवटच्या वाक्याचं काय करू? प्रश्न विचारायला माझी कधीच हरकत नव्हती. हा प्रश्न तर ख्रिस्ती लोकांनी स्वतःच, तुमच्या-माझ्या कितीतरी आधी, तुमच्यापेक्षा धारदारपणे विचारला आहे. चौथ्या शतकात नाझियान्झसचे ग्रेगरी नावाचे धर्माध्यक्ष होऊन गेले. वधस्तंभावर सांडलेलं रक्त ही खंडणी म्हणायची तर ती दिली कुणाला, असा त्यांनी आपल्या प्रवचनात भर सभेत सवाल केला. सैतानाला? तर मग त्या लुटारूला देवाच्या पुत्राची किंमत मिळाली, हे किती लाजिरवाणं! पित्याला? तर अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी देण्यासाठी वेदीवर ठेवत असताना ज्याने तो बळी घेतला नाही, त्या पित्याला आपल्या एकुलत्या एका पुत्राच्या रक्तात आनंद कसा वाटेल? सोळाशे वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे. एक धर्माध्यक्ष ते बोलला, आणि ख्रिस्ती मंडळी (चर्च) त्याला आजही आपल्या थोर आचार्यांमध्ये मोजते. प्रश्न तोच, फक्त त्यात भुसा हा शब्द नव्हता. ऐकणाऱ्यांना वेड्यात न काढता तो विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तुम्हाला ते जमलं नाही.

आणि या शब्दाचा मला एवढा राग का आला, तेही सांगतो. माझ्या डोक्याबद्दल तुमचं काय मत आहे, याने माझं काही बिघडत नाही. पण ज्या विश्वासावर माझी आई जगली आणि गेली, तो विश्वास ठेवायला डोक्यात भुसा लागतो असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही तिला ओळखत नव्हता, हे मला कळतं. म्हणूनच तर न ओळखणाऱ्या हजारो माणसांबद्दल एका फटक्यात असं लिहू नये.

आता तुमच्या वाक्याकडे येतो. त्यात तीन पात्रं आहेत : रागावलेला बाप, ज्याचं काही चालत नाही असा गरीब मुलगा आणि सुटून जाणारे गुन्हेगार. गोष्ट अशी सांगितली तर बाप क्रूरच ठरतो, यात वादच नाही. काही प्रवचनकार ती अशीच सांगतात, हेही मला माहीत आहे, आणि ऐकताना मलाही अस्वस्थ व्हायला होतं. पण शुभवर्तमानातली गोष्ट ही नाही. त्यांचं ओझं माझ्या डोक्यावर कशाला? ही वडाची साल पिंपळाला लावणं झालं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःच्या प्राणाविषयी बोलतो. तो माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन देतो, असं त्याचं बोलणं आहे. अटकेच्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने तलवार उपसली तेव्हा त्याने ती म्यानात घालायला लावली आणि म्हणाला, मी पित्याजवळ मागितलं तर तो आता देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक पाठवणार नाही का? हे बोलणं फरफटत नेलेल्या माणसाचं नाही. तुम्ही म्हणाल, मग अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना तो का कळवळला? हा प्याला टळून जावो, असं का म्हणाला? कारण तो माणूस होता आणि मरण भयंकर होतं. भीती वाटली म्हणजे जबरदस्ती झाली, असं होत नाही. उलट, ज्याला भीतीच वाटत नाही त्याच्या देण्यात देणं कितीसं?

लेखात मी माक्सिमिलियन कोल्बे या पोलिश धर्मगुरूंविषयी लिहिलं होतं, ते याचसाठी. ते आउश्वित्झ या नाझी छळछावणीत कैदी होते. 1941 च्या जुलैअखेर तिथून एक कैदी पळाला, म्हणून दहा जणांना उपाशी मारण्यासाठी निवडण्यात आलं. त्यांतले फ्रान्सिशेक गायोव्निचेक बायकोमुलांच्या आठवणीने रडू लागले. कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांच्या जागी मला घ्या म्हणाले. दोन आठवडे अन्नपाण्याविना काढूनही ते जिवंत होते, तेव्हा 14 ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारलं. गायोव्निचेक 1995 पर्यंत जगले. या सगळ्यात क्रूर कोण होतं, हे कळायला कुणाला तत्त्वज्ञान लागत नाही. जो होऊन पुढे आला त्याला आपण बळीचा बकरा म्हणत नाही.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. ख्रिस्ती विश्वासात पिता एकीकडे आरामात बसलाय आणि पुत्र दुसरीकडे मरतोय, असे दोन पक्षच नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, हे त्रैक्य ज्याने बाजूला काढलं त्याच्या हातात वधस्तंभाची गोष्ट तुटकीच येणार. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलं की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. देवच करत होता. तिसऱ्या कुणाला पकडून आणून त्याच्या माथी ते मारलेलं नाही. न्यायासनावर जो बसला आहे तोच उठून खाली आला आणि आपला निकाल आपल्याच अंगावर घेतला, असा आमचा विश्वास आहे. तुम्हाला तो पटू नये, हा तुमचा अधिकार आहे. पण नाकारायचा तर आहे तसा नाकारा. आधी त्याचं बुजगावणं करायचं आणि मग त्याला धोपटायचं, हे तटस्थपणाचं लक्षण नव्हे.

तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो तुम्ही विचारला नसला तरी मी घेतो. देवाला क्षमा करायची होती तर नुसती करायची होती, मरण कशाला हवं होतं? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात एक दाखला आहे. एका दासाच्या डोक्यावर राजाचं दहा हजार तालान्त कर्ज आहे. एक तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! दास पाया पडतो, राजाला कळवळा येतो, कर्ज माफ होतं. तोच दास बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, म्हणून आपल्याला तो लक्षात राहतो. मी मात्र राजापाशी थांबतो. कर्ज माफ झालं म्हणजे रक्कम हवेत विरली का? नाही. ती राजाने सोसली. दासाच्या डोक्यावरचा आकडा राजाच्या तिजोरीतून वजा झाला. क्षमा कधीच फुकट नसते. तिची किंमत कुणी ना कुणी देतंच, आणि क्षमा म्हणजे ती किंमत अपराध्याकडून वसूल न करता स्वतः भरणं. वधस्तंभावर मला हेच दिसतं. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं रोमकरांस पत्रात आहे. सुधारलो म्हणून नव्हे, क्षमा मागितली म्हणूनही नव्हे.

तुम्हाला साध्या माणसाचं उदाहरण हवं होतं. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या मोठ्या भावाने आम्हाला राहत्या घरातून काढण्यासाठी होतं नव्हतं ते सगळं केलं. आईच्या चारित्र्यावर बोलले. नातेवाइकांच्या घरोघरी जाऊन बोलले. तेव्हा मी शाळेत होतो आणि ते शब्द मला आजही पाठ आहेत. पुढे कैक वर्षांनी काकांना अर्धांगवायूचा झटका आला, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी घर बळकावायला बघितलं होतं ते दोघे मुलगे एकमेकांकडे बोट दाखवू लागले. आई गेली आणि त्यांना घेऊन आली. तिला कुणी पाठवलं नव्हतं. मी तर उघड भांडलो होतो तिच्याशी.

सतत पडून राहून काकांना माकडहाडापाशी जखम झाली होती, आत बोट जाईल एवढी खोल. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची, सलाइनने जखम धुवायची, जुनी गॉझपट्टी चिकटलेली असेल तर ती भिजवून हळूहळू सोडवायची. मी पाय धरायला असायचो, तोंड फिरवून. वास सहन होत नसे आणि माणूसही सहन होत नसे. धड असलेल्या अर्ध्या तोंडाने काका तिला शिव्याही द्यायचे. त्या वेळी आईने मला एकही वचन ऐकवलं नाही. म्हणायची, ‘पाय नीट धर, हलवू नकोस, दुखतं त्यांना.’

काका गेले. त्यांनी माफी मागितली नाही. हिशेब मांडायचाच तर त्या घरातल्या क्षमेची सगळी किंमत आईने भरली : झोप, पाठ, नातेवाइकांचे टोमणे, पोटच्या मुलाचा अबोला. काकांनी एक छदामही भरला नाही. तिला विचारलं, कशाला करतेस? ती म्हणाली, माझ्यासाठीही कुणीतरी केलंय ना. यात झापडं कुठे आहेत ते मला दाखवा. आपण काय करतोय आणि कुणासाठी करतोय, हे तिला चांगलं माहीत होतं. काका कसे आहेत हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी हेच धरून बसेल. छळ होत असलेल्या बाईला ‘सोस, क्षमा कर’ असं सांगायला हे उदाहरण कुणी वापरू नये. वापरलं तर ते पाप आहे, असं मी म्हणतो. काका तेव्हा तिचं काही वाकडं करू शकत नव्हते. ती होऊन गेली होती, आणि या गोष्टीत होऊन जाणं हेच सगळं आहे. दुसऱ्याच्या गळ्यात वधस्तंभ अडकवण्याचा अधिकार येशूने कुणालाही दिलेला नाही, पाळकालाही नाही, नवऱ्यालाही नाही.

लेखाचा मूळ मुद्दाही हाच होता. तो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही, म्हणून पुन्हा मांडतो. योहान आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की ख्रिस्ताने आपल्यासाठी प्राण दिला, म्हणून आपणही बंधूंसाठी प्राण द्यायला हवा. आणि लगेच पुढच्याच वचनात तो एकदम जमिनीवर येतो : जवळ संसाराची साधनं असून गरजवंत भावाला पाहून जो आपलं हृदय बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती राहते कशी? प्राण देण्याची वेळ बहुतेकांवर येतच नाही. पट्टी बदलायची वेळ येते. ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याचा फोन उचलायची वेळ येते. देवावर प्रीती आहे म्हणायचं आणि भावाचा द्वेष करायचा, अशा माणसाला योहान सरळ लबाड म्हणतो. ख्रिस्ती माणसाला सुनावायचंच होतं तर हे वचन घेऊन सुनवायचं होतंत, मी मान खाली घालून ऐकलं असतं.

बाकीचं झटपट. क्रूसयुद्धांचं समर्थन मी केलेलं नाही. 1099 साली क्रूसयोद्ध्यांनी यरुशलेमेत जी कत्तल केली ती येशूच्या शिकवणुकीच्या थेट विरुद्ध होती. पण प्रीतीवरच्या प्रत्येक लेखाखाली क्रूसयुद्धं आणून ओतायची असतील तर कुणाशीच कशावर बोलणं होणार नाही. धर्मांतराच्या हिशेबाबद्दल एवढंच सांगतो : रोमन सम्राट ज्युलियनला ख्रिस्ती लोकांविषयी काडीचंही प्रेम नव्हतं, त्याला जुनी दैवतं परत आणायची होती. त्यानेच 362 च्या सुमारास आपल्या एका पुरोहिताला लिहिलं की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, आणि आम्ही पोसत नाही ही आम्हाला लाज आहे. ‘हे आमिष आहे’ असं म्हणण्याआधी आपल्या बाजूने कुणाला पोसलं जातंय, ते बघावं. लेख प्रवचनी वाटला असेल तर वाटू दे. मला या विषयावर तटस्थपणे लिहिता येत नाही, आणि यायला हवं असंही वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तुमच्यावर तुटून पडलेल्या दोन प्रतिक्रिया मात्र काढल्या आहेत. त्या माझ्या बाजूने होत्या आणि त्यांतली भाषा तुमच्याहून वाईट होती. लिहिणाऱ्यांना मी वेगळं कळवलं आहे. उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, फक्त एकाच गोष्टीवर द्या : ज्याचं नुकसान झालं त्याने ते स्वतः सोसल्याशिवाय झालेली एखादी खरी क्षमा तुम्हाला ठाऊक असेल तर ती सांगा. त्यावर मी नक्की बोलेन.