ब्लॅकमोर गेला, डीप पर्पल संपलं नाही

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडबद्दलचं एक मत इतक्या वेळा फिरून समोर येतं की आता लोक ते माहिती म्हणूनच सांगतात. मत असं: 'खरा बँड १९९३ मध्ये गिटारवादक रिची ब्लॅकमोरबरोबर संपला. आज त्या नावाने स्टेजवर येतात ते स्वतःचीच नक्कल करणारे म्हातारे. मूळ मंडळी नाहीत, नवं काही नाही, गायकाचा आवाज गेलाय. १९७२ची चार गाणी वाजवायची आणि पैसे गोळा करायचे, एवढंच चाललंय.' हे वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण यातला एखादा तुकडा खरा आहे आणि त्या आधारावर बाकीचं सगळं खपवलं जातं.

'मूळ मंडळी' म्हणजे कोण, ते आधी पाहू. १९६८ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा त्यात ब्लॅकमोर, की-बोर्डवर जॉन लॉर्ड आणि ड्रमवर इयन पेस यांच्याबरोबर गायक रॉड इव्हान्स आणि बासवर निक सिंपर होते. त्याच संचाचं 'हश' हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर आले १९६९ मध्ये, इव्हान्स आणि सिंपरला काढून त्यांच्या जागी. म्हणजे ज्या पाच जणांना आपण 'मूळ' समजतो तो मुळात दुसरा संच, चाहत्यांच्या भाषेत मार्क टू. माणसं बदलली की बँड खोटा ठरत असेल तर 'इन रॉक' आणि 'मशीन हेड'सुद्धा खोट्या बँडचे अल्बम ठरतील. आणि मार्क टूच्या पाचांपैकी तिघं, गिलन, ग्लोव्हर आणि पेस, आजही स्टेजवर आहेत. पेस तर प्रत्येक संचात होता.

शिवाय खोटं डीप पर्पल खरोखर होऊन गेलंय. बँड १९७६ मध्ये फुटल्यावर, १९८० साली रॉड इव्हान्सने अनोळखी वादक जमवून त्याच नावाने अमेरिकेत आणि आसपास कार्यक्रम सुरू केले. तिकीट काढून आलेल्यांना ना ब्लॅकमोर दिसला ना गिलन. प्रकरण कोर्टात गेलं आणि ६,७२,००० डॉलरची भरपाई ठोठावली गेली. गंमत पाहा, इव्हान्स हा पहिल्या दिवसापासूनचा संस्थापक गायक होता. 'मूळ माणूस' असणं हीच कसोटी असती तर तो बँड खरा ठरला असता. कमी पडलं ते हे की बाकीच्यांची संमती नव्हती, सलग परंपरा नव्हती आणि स्वतःचं संगीत नव्हतं. आजच्या बँडकडे या तिन्ही गोष्टी आहेत.

आता ब्लॅकमोर. त्याचं मोठेपण कमी करून मला काही मिळवायचं नाही. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, तो पिकने (तारा छेडायच्या छोट्या पातळ तुकड्याने) वाजवत नाही, दोन तारा बोटांनी एकदम खेचतो. म्हणूनच त्या स्वरांना तो ठोस, कोरडा आवाज येतो. पिकने वाजवून पाहा, फरक लगेच कळतो. पण १९९३चा ब्लॅकमोर पाहायचा असेल तर त्या नोव्हेंबरमधल्या बर्मिंगहमच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. 'हायवे स्टार' सुरू झालंय, चौघं वाजवतायत आणि गिटारवादक स्टेजवर नाही. बऱ्याच वेळाने येतो, आणि मग कॅमेऱ्याच्या दिशेने पाणी फेकतो. काही दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, हेलसिंकीत त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. दौरा अर्धवट सोडून तो गेला. बँडने त्याला संपवलं नाही.

जपानचे कार्यक्रम ठरलेले होते. ते रद्द न करता गिटारवादक जो सॅट्रियानीला बोलावून पार पाडले. मग १९९४ मध्ये गिटारवर स्टीव्ह मोर्स आला आणि १९९६चं 'पर्पेंडिक्युलर' निघालं. ज्यांना बँड १९९३ मध्ये संपला असं वाटतं त्यांनी या अल्बममधलं 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' एकदा नीट ऐकावं. त्यातली गिटारची सुरावट ब्लॅकमोरची नक्कल नाही, तशी असण्याचा प्रयत्नही नाही. मोर्स पत्नीच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये बाहेर पडेपर्यंत जवळजवळ २८ वर्षं होता. ब्लॅकमोरची दोन्ही पर्वं, १९७५पर्यंतचं आणि बँड १९८४ मध्ये पुन्हा जमल्यावरचं, मिळून होतात साधारण १६. इतक्या वर्षांच्या कामाला बदली कामगाराचं काम म्हणणं अन्याय आहे.

यावर उत्तर येतं की २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मानाच्या यादीने, तरी मोर्स आणि लॉर्डनंतरचा की-बोर्डवादक डॉन एअरी यांना कुठे घेतलं? नाही घेतलं. पण त्याच यादीत इव्हान्स होता आणि त्याच्याच संचातला सिंपर नव्हता. ज्या यादीला स्वतःचाच निकष पाळता आला नाही, ती पुरावा म्हणून पुढे करू नये.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा लाइव्ह कार्यक्रमाचा, कारण हा बँड स्टुडिओपेक्षा स्टेजवर घडला. 'मेड इन जपान' हे लाइव्ह ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोच्या तीन कार्यक्रमांत झालं. 'मशीन हेड'वर साडेचार मिनिटांचं असलेलं 'स्पेस ट्रकिन' तिथे वीसेक मिनिटं चालतं आणि मूळ डबल एलपीची एक अख्खी बाजू व्यापतं. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन'मध्ये ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातून परत करतो, आणि हे चढत चढत एका किंकाळीपर्यंत जातं. लॉर्डने आपला हॅमंड ऑर्गन मार्शल अँप्लिफायरमधून वाजवायला घेतला, म्हणून तो गिटारच्या मागे न राहता तिच्या अंगावर जातो. हे सगळं दर रात्री वेगळं व्हायचं. चाहत्यांनी जपायची ती ही सवय.

आणि ती टिकली आहे. 'लेझी' अजूनही मोकळं सोडलेलं असतं, एअरीचा की-बोर्ड सोलो ठरीव वाटत नाही. बेलफास्टचा गिटारवादक सायमन मॅकब्राइड मोर्सच्या जागी २०२२ मध्ये आल्यापासून तर गाण्यांना धार आली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. '=१' हा अल्बम निघाला त्या २०२४ सालच्या कार्यक्रमांत 'अ बिट ऑन द साइड', 'लेझी सॉड', 'पोर्टेबल डोअर' अशी नवी गाणी होती आणि जॉन लॉर्डच्या आठवणीत केलेलं २०१३चं 'अनकॉमन मॅन'सुद्धा. कार्यक्रमाचा कणा अजून 'मशीन हेड' आहे, हे खरं. पण 'नवं काही नाही' हे धादांत खोटं आहे. 'नाउ व्हॉट', 'इनफिनिट' आणि 'वूश' हे तिन्ही अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले. ते कुणीतरी ऐकलेच असतील ना?

गिलनच्या आवाजाबद्दलची तक्रार मात्र मान्य. 'चाइल्ड इन टाइम'च्या त्या किंकाळ्या आता होत नाहीत. म्हणूनच ते गाणं गेली कित्येक वर्षं कार्यक्रमात नाही, आणि मला यात प्रामाणिकपणा दिसतो. सूर खाली आणून किंवा टेप लावून ते रेटता आलं असतं. त्याऐवजी 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज' गातात. हे गाणं 'मशीन हेड'च्याच वेळचं, पण ब्लॅकमोरला ते आवडत नव्हतं, त्यामुळे तो असताना स्टेजवर जवळजवळ आलंच नाही. मार्क टूच्या एका उत्तम गाण्याला स्टेजवर जागा मिळाली ती ब्लॅकमोर गेल्यावर. ऐंशीच्या घरातल्या गिलनचा खालच्या पट्टीतला आवाज त्याला शोभतो. त्यातली खरखर गाण्याच्या दुःखात भर घालते.

राहिला पैसा. नाव विकायचंच असतं तर १९७६ नंतरची आठ वर्षं ते बंद ठेवलं नसतं. २०१७ मध्ये 'द लाँग गुडबाय' म्हणून दौरा काढला आणि निरोप काही घेतला नाही, यावर कुणी रागावलं तर तो राग रास्त आहे, तिकीट निरोपाचं म्हणून काढलेलं असतं. पण त्या दौऱ्यानंतर 'वूश' आणि '=१' आले आणि नवा गिटारवादक आला. पेस २०१६च्या सौम्य पक्षाघातानंतर पुन्हा ड्रमवर बसला तो अजून बसलेला आहे.