कॉम्बोचे व्हॉल्व्ह खडखडतात म्हणून त्यांना टेप गुंडाळू नका

"व्हॉल्व्ह अँपची खडखड पाच मिनिटांत बंद करा" असा एक मेसेज, सोबत व्हिडिओ, सध्या वादकांच्या ग्रुपांतून फिरतो आहे. व्हॉल्व्ह म्हणजे अशा अँपमधल्या, आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या. ऑर्केस्ट्रावाले, भजनी मंडळवाले, धुमाळवाले, सगळ्यांनी तो एकमेकांना पाठवून झाला. मी दुर्लक्षच केलं असतं, पण परवा दारव्हा तालुक्यातून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, टेप आन् एम-सील आणून ठेवलं, लावून पायतो." पोरगा भीमगीतांच्या कार्यक्रमात गिटार वाजवतो. पुण्याहून जुना कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकट एकाच पेटीतला अँप, आणलाय, दोन ईएल 84 (स्पीकरला ताकद देणारे शेवटचे व्हॉल्व्ह) आणि तीन ईसीसी 83 (त्याआधीच्या टप्प्यांतले व्हॉल्व्ह) वाला. 14 एप्रिलच्या तारखा लागलेल्या आणि हा त्यात एम-सील भरायला बसलेला. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मेसेजात सांगितलंय ते असं. खडखड आली म्हणजे व्हॉल्व्ह संपले, सगळा सेट बदला. खर्च नको असेल तर व्हॉल्व्हला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि बुडाला एम-सील भरा. टेप नसेल तर सायकलच्या ट्यूबची रिंग चालते. आवाज स्पीकरचा की व्हॉल्व्हचा हे ओळखायला स्पीकरची वायर काढून अँप चालवा. प्लग काढला की करंट संपतो, मग मागून उघडून सॉकेट आवळा. आणि सोबत गुणगुण येत असेल तर प्लगची जाड पिन काढून टाका.

सर्वांत आधी टेप, कारण लोक प्रत्यक्षात तेच करताहेत.

ईएल 84 ची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक, कुणालाही नेटवर फुकट मिळते. फिलिप्सची जुनी शीट उघडा. हीटर 6.3 व्होल्ट, 0.76 अँपिअर, म्हणजे जवळपास 4.8 वॅट. आतल्या प्लेटची, म्हणजे धातूच्या पत्र्याची, कमाल मर्यादा 12 वॅट, स्क्रीन नावाच्या जाळीची 2 वॅट. बेरीज करा: 19 वॅटच्या आसपास. ही सगळी उष्णता जेमतेम 22 मिलिमीटर जाडीच्या काचेच्या नळीतून बाहेर पडायची असते, आणि गिटारच्या अनेक अँपांत हे व्हॉल्व्ह मर्यादेच्या अगदी जवळ चालवलेले असतात. 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न तापवून तिच्यावर टेप गुंडाळायला मी सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. इथे तेच करायला सांगितलं जातंय. साधी पीव्हीसी टेप 80 अंशांच्या आसपासची असते, व्हॉल्व्हची काच त्याच्या कितीतरी वर जाते. आपल्याकडे मे महिन्यात मंडपातच पंचेचाळीस अंश असतात, ते वेगळेच.

टेप वितळेल, वास येईल, काढून टाकू, असं कुणी म्हणेल. पण नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. व्हॉल्व्हच्या आत हवा नसते, त्यामुळे प्लेटची उष्णता मुख्यतः काचेतून किरणांनी बाहेर जाते. ती वाटच काळ्या टेपने अडवली की काच आणि आतले भाग आणखी तापतात, तापलेल्या धातूतून वायू सुटतो, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढू लागतो आणि प्लेट लाल होते. मग व्हॉल्व्ह तर जातोच, सोबत आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) जाऊ शकतो. खडखडणारा पण चालता व्हॉल्व्ह आपणच मारायचा, हा कसला उपाय?

एम-सीलचं तर विचारूच नका. ते आणि काच सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. रोज तापायचं, रोज थंड व्हायचं, त्यात पिनांजवळची काच तडकते. न तडकता टिकली तरी पुढे व्हॉल्व्ह बदलायच्या दिवशी तो सॉकेटसकट उपटावा लागेल. व्हिडिओखाली कुणी फेविक्विक सुचवलंय. त्याची वाफ पिनांवर पांढरा थर धरते आणि संपर्कच बिघडवते.

रिंगबद्दल मात्र अर्धी गोष्ट मान्य करावी लागते, मन नसलं तरी. व्हॉल्व्हवर रिंग चढवून थरथर कमी करता येते आणि काही कॉम्बोंत त्याने खरोखर फरक पडतो. पण ती रिंग सिलिकॉनची असते, 200 अंशांच्या पुढेही टिकणारी, आणि ती प्लेटच्या समोर, सर्वांत गरम भागावर न बसवता वर किंवा खाली बसवायची असते. सायकलच्या ट्यूबचं रबर तिथे आधी चिकट होतं, मग कडक होऊन तडकतं. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी खरी रिंग पाहिली असणार आणि घरात सापडलं ते रबर सुचवलं असणार.

आता खडखड येते कुठून ते पाहू, कारण मेसेजात याचा एक शब्द नाही. कॉम्बोत अँप आणि स्पीकर एकाच पेटीत. सहाव्या तारेचा ई साधारण 82 हर्ट्झ, पाचवीचा ए 110. असा एखादा सूर जोरात वाजला की सगळी पेटी थरथरते. व्हॉल्व्हच्या आतली जाळी आणि प्लेट अभ्रकाच्या चकत्यांत अडकवलेली असते. त्यात केसभर ढिलाई असली तरी ठरावीक सुरावर ती वाजते. हा आवाज स्पीकरमधून येत नाही, थेट काचेतून येतो. ईसीसी 83 चा त्रास वेगळा. पहिल्या जागेवरचा ईसीसी 83 थरथरला तर त्याचा आवाज पुढच्या सगळ्या टप्प्यांत वाढत जातो आणि टिंग किंवा शिट्टी होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो. दोन वेगळे आजार, मेसेजात औषध एकच.

आणि बऱ्याचदा व्हॉल्व्हचा दोषच नसतो. मागच्या फळीचे स्क्रू, स्पीकरचे नट, हँडल, चेसिसचे बोल्ट, व्हॉल्व्हला धरणारी स्प्रिंग, हे आधी आवळून पाहा. निम्मी खडखड तिथेच संपते, असा माझा अनुभव आहे. मग एकाने त्रास देणारा सूर वाजवायचा आणि दुसऱ्याने कोरड्या, लांब बांबूच्या काडीने एकेका व्हॉल्व्हच्या डोक्यावर हलका दाब द्यायचा. हात आत घालायचा नाही, बोटाने काच धरायची नाही. ज्यावर दाबल्यावर आवाज थांबतो तो सापडला. अँप बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही ईएल 84 ची अदलाबदल करा. खडखड व्हॉल्व्हसोबत दुसऱ्या जागी गेली तर दोष व्हॉल्व्हचा. जिथल्या तिथे राहिली तर सॉकेटचा किंवा स्प्रिंगचा.

"खडखड म्हणजे व्हॉल्व्ह संपला" हेही खोटं. काचेच्या आत वरच्या बाजूला चंदेरी डाग असतो तो पाहा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. चंदेरी असेल आणि आवाज नीट असेल, तर तोच व्हॉल्व्ह स्पीकर वेगळा असलेल्या हेडमध्ये निमूट चालू शकतो. बदलायचाच झाला तर दोन ईएल 84 ची जुळवलेली जोडी घ्या, बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा याची जुळणी) जाणकाराकडून तपासून घ्या. दोष ईएल 84 चा असेल तर ईसीसी 83 ला हात लावायचं काही कारण नाही.

स्पीकरची वायर काढून अँप चालवायला सांगणाऱ्याला मी माफ करू शकत नाही. व्हॉल्व्ह अँपला लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, लागतोच. लोड नसताना जोरात वाजवलं की आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. तालुक्याला पंपाच्या मोटारी भरणारा वाइंडिंगवाला असतो, पण या ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकाआड एक घातलेले असतात, ते त्याचं रोजचं काम नाही. तपासायचंच असेल तर त्याच ओहमचा दुसरा स्पीकर लांब ठेवून, स्पीकरच्याच वायरने जोडा. कॉम्बोची खडखड थांबली तर कारण थरथर.

सॉकेटच्या पकडी ढिल्या होतात आणि आवळाव्या लागतात, हे खरं. पण प्लग काढला की करंट संपतो हे साफ खोटं. फिल्टरच्या कंडेन्सरांत 300 व्होल्ट आणि वर साठलेले असतात आणि ते प्लग काढल्यावरही, कधीकधी बराच वेळ, तसेच राहतात. मल्टीमीटरने डीसी मोजता येत नसेल आणि योग्य रेझिस्टर लावून ते उतरवता येत नसतील तर चेसिस उघडू नका, मेकॅनिककडे न्या.

राहिली जाड पिन. ती अर्थिंगची आहे. गिटारच्या तारा लीडमधून, म्हणजे गिटार ते अँपच्या वायरमधून, अँपच्या चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अर्थ तोडला आणि आत कुठे फेज चेसिसला लागला, तर तो सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो, आणि ओठ माईकला लागले की त्याच्या अंगातून जातो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे कार्यक्रमातच शॉक लागून गेला. हातात गिटार होती आणि अर्थिंग नीट नसलेल्या माईकला हात लागला. आपल्या गावांत तर मंडपाची लाइन एका घरातून, साउंडची दुसऱ्या घरातून, मध्येच जनरेटर, आणि बोर्डाचं तिसरं भोक कित्येकदा आतून रिकामं. तिथे असलेली पिनही काढायला सांगायची?

गुणगुण येत असेल तर आधी लीड बदलून पाहा, अँप दुसऱ्या बोर्डावर लावून पाहा. आणि कार्यक्रमाआधी, गिटार गळ्यात घालण्यापूर्वी, मीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारांना आणि दुसरं माईकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्टच्या वर दाखवलं तर वाजवू नका, मंडपवाल्याला बोलावून आधी लाइन आणि अर्थ दुरुस्त करून घ्या.